फुलीलाही होकार मानला गेला तेव्हा : विंडोज १० अपग्रेड मोहिमेचा प्रकरण अभ्यास

संगणकाच्या कोपऱ्यात ‘नवे अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना आली की ती दर वेळी पुढे ढकलणारा, किंवा ओळखीतल्या जाणकाराला सांगून अपडेटची सोयच कायमची बंद करून घेणारा माणूस प्रत्येक कार्यालयात आणि बहुतेक घरांत सापडतो. तंत्रज्ञ मंडळी त्याला आळशी किंवा भित्रा ठरवून मोकळी होतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना विंडोज १० कडे नेण्यासाठी जी मोहीम चालवली, तिचा घटनाक्रम तपासल्यावर मात्र असे दिसते की हा संशय अनुभवातून आला आहे आणि तो रुजवण्यात उत्पादकाचाच वाटा मोठा आहे. या प्रकरणात सर्वांत जास्त झळ बसली ती सुरक्षा दुरुस्त्यांवरच्या विश्वासाला, आणि ती कशी बसली हे क्रमाने मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली आणि लोकांच्या अंगवळणी पडली. तिच्यानंतरच्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट मेनू काढून त्याच्या जागी टाइल्सचा पडदा दिला गेला, तो बहुसंख्य लोकांना रुचला नाही, आणि त्यामुळे ७ वापरणारे ७ वरच राहिले. मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने ही परिस्थिती चिंतेची होती, आणि ती चिंता खोटी नव्हती. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा आधार (म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळणे) ८ एप्रिल २०१४ रोजी संपल्यानंतरही जगभरातल्या असंख्य यंत्रांवर एक्सपीच चालू होती. कोणतीही दुरुस्ती न मिळणारी अशी यंत्रे त्यांच्या मालकांना तर धोक्याची असतातच, शिवाय त्यांच्याशी जोडलेल्या इतरांनाही असतात. तीच वेळ विंडोज ७ च्या बाबतीत पुन्हा येऊ नये, असे कंपनीला वाटणे योग्यच होते.

त्याच्या जोडीला व्यापारी हेतूही होता. एप्रिल २०१५ मध्ये विकासकांच्या परिषदेत कंपनीने जाहीर केले की विंडोज १० दोन-तीन वर्षांत १०० कोटी उपकरणांवर पोहोचेल. विंडोज ही एकदाच विकायची वस्तू न राहता सतत बदलत राहणारी सेवा असेल, ॲप स्टोअर आणि शोधसेवा यांचा वापर तिच्यामार्फत वाढेल, असा तो आराखडा होता. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली आणि ७ व ८.१ च्या अधिकृत प्रतींना एक वर्षभर, म्हणजे २९ जुलै २०१६ पर्यंत, ती मोफत देऊ करण्यात आली. देकार चांगला होता आणि लाखो लोकांनी तो आनंदाने स्वीकारला. ज्यांनी तो स्वीकारला नव्हता, त्यांच्या बाबतीत पुढे काय घडले हा या प्रकरणाचा गाभा आहे.

घटनाक्रम

प्रत्यक्ष आवृत्ती येण्याच्या काही महिने आधीच ‘केबी ३०३५५८३’ या क्रमांकाचे एक अपडेट विंडोज ७ आणि ८.१ च्या यंत्रांवर पोहोचले होते. त्याचे वर्णन इतके मोघम होते की सामान्य माणसाने ते नेहमीची दुरुस्ती समजूनच घेतले. प्रत्यक्षात त्यातून टास्कबारच्या उजव्या टोकाला विंडोजचे पांढरे चिन्ह आले आणि त्यामागे नव्या आवृत्तीची जाहिरात करणारा छोटा प्रोग्रॅम बसला. ज्यांनी शोधाशोध करून हे अपडेट काढून टाकले आणि यादीत लपवून ठेवले, त्यांच्याकडे ते काही काळाने पुन्हा हजर झाले, कारण कंपनी त्याची सुधारित प्रत वेळोवेळी काढत होती आणि प्रत्येक सुधारित प्रतीबरोबर आधीचे लपवणे निरुपयोगी ठरत होते.

सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की ज्यांनी अपग्रेडसाठी कोणतीही नोंदणी केलेली नाही, त्यांच्याही हार्ड डिस्कवर विंडोज १० च्या स्थापनेच्या फाइली उतरवल्या जात आहेत. एका लपवलेल्या फोल्डरमध्ये साडेतीन ते सहा जीबी इतका तो साठा होता. अपग्रेड करणाऱ्यांचा अनुभव सुकर व्हावा म्हणून ही पूर्वतयारी आहे, असे कंपनीचे स्पष्टीकरण होते. ऑक्टोबरमध्ये ऐच्छिक अपडेटच्या यादीत विंडोज १० च्या चौकोनात आधीच टिक केलेली आढळली, आणि ती चूक असल्याचे कंपनीने मान्य केले. १ फेब्रुवारी २०१६ पासून मात्र जाणीवपूर्वक पाऊल उचलले गेले. विंडोज १० ‘ऐच्छिक’ यादीतून काढून ‘शिफारस केलेल्या’ यादीत टाकण्यात आली, आणि शिफारस केलेली अपडेट आपोआप घेण्याची पूर्वनिश्चित मांडणी (सेटिंग) ज्यांच्याकडे होती, त्यांच्या यंत्रांवर अपग्रेडची प्रक्रिया स्वतःहून सुरू होऊ लागली.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका दूरचित्रवाणी वाहिनीवर थेट हवामानवृत्त चालू असताना नकाशावरच अपग्रेडची सूचना उमटली. ही घटना हसण्यावारी नेली गेली. मे महिन्यात जे घडले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

ती चौकट

मे २०१६ मधली सूचनेची चौकट बारकाईने पाहण्यासारखी आहे. विंडोज १० हे तुमच्या संगणकासाठी शिफारस केलेले अपडेट आहे, असे वर लिहिलेले होते. त्याखाली हा संगणक अमुक तारखेला अमुक वाजता अपग्रेड होणार असल्याचे, म्हणजे वेळ आधीच ठरलेली असल्याचे, ठळक अक्षरांत सांगितलेले होते. खाली दोन मोठी बटणे होती : एक ‘आत्ताच अपग्रेड करा’ असे सांगणारे आणि दुसरे नुसते ‘ओके’. वेळ बदलायची किंवा ठरलेले अपग्रेड रद्द करायचे असेल तर मधल्या ओळीतल्या ‘येथे’ एवढ्याच शब्दावर क्लिक करावे लागे. नकाराचे बटण त्या चौकटीत कोठेही नव्हते.

अशा वेळी माणूस काय करतो? उजव्या कोपऱ्यातल्या लाल फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करतो आणि आपल्या कामाला लागतो. विंडोज वापरणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला वीस वर्षे हीच सवय होती की फुली म्हणजे ‘नको’. कंपनीच्या स्वतःच्या साहाय्य पानावर मात्र लिहिलेले होते की ‘ओके’ दाबले किंवा लाल फुली दाबली, तरी अपग्रेडची तयारी पूर्ण झाली असे समजावे. मला यात सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्टनेच विकासकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक नियमांत चौकटीवरच्या बंद करण्याच्या बटणाचा परिणाम ‘रद्द करा’ सारखाच असावा आणि त्याला ‘ओके’चा अर्थ कधीही देऊ नये, असे स्पष्ट बजावलेले होते. जो नियम इतरांनी पाळावा म्हणून आखला, तो स्वतःच्या उत्पादनाचा खप वाढवताना बाजूला ठेवला गेला.

कंपनीच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. अपग्रेडनंतर महिनाभरात जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय होती, आणि पहिल्यांदा विंडोज १० सुरू होताना येणारा परवाना करार नाकारला तर यंत्र पूर्वस्थितीत परतत असे. या दोन्ही सोयी खऱ्या होत्या. मात्र त्यांचा उपयोग करण्यासाठी आधी तासभर अपग्रेड आणि नंतर तितकाच वेळ परतीची प्रक्रिया सोसावी लागे, आणि या काळात ज्याला त्या संगणकावर काम करायचे आहे त्याने हात बांधून बसावे लागे. न मागितलेली वस्तू घरात आणून ठेवल्यावर ‘नको असेल तर परत पाठवा’ असे सांगणे म्हणजे संमती घेणे नव्हे.

नुकसान कोणाचे झाले

कॅलिफोर्नियातील सॉसालिटो येथे प्रवास-आरक्षणाचा व्यवसाय करणाऱ्या एका महिलेच्या कार्यालयीन संगणकावर असेच एक अपग्रेड सुरू झाले आणि फसले. तिच्या म्हणण्यानुसार तिने त्यासाठी संमती दिलेली नव्हती. त्यानंतर संगणक अतिशय मंद झाला, वारंवार बंद पडू लागला आणि कित्येक दिवस वापरण्याजोगा राहिला नाही. साहाय्य केंद्राकडून प्रश्न सुटेना, तेव्हा तिने लघुवाद न्यायालयात दावा केला. बुडालेले उत्पन्न आणि नव्या संगणकाचा खर्च म्हणून न्यायालयाने तिला १०,००० डॉलर मंजूर केले. मायक्रोसॉफ्टने आधी अपील केले आणि नंतर, पुढील खटल्याचा खर्च टाळायचा असल्याचे सांगून, ते मागे घेतले. दोष मात्र मान्य केला नाही. रक्कम कंपनीच्या आकारमानापुढे नगण्य होती. तरीही एकट्या व्यावसायिकाच्या संगणकाचा एक दिवस म्हणजे त्याची एका दिवसाची कमाई असते, हे या निकालाने नोंदवले गेले.

भारतात या प्रश्नाची धार वेगळी होती. स्वस्त मोबाइल डेटाचा काळ येथे जिओमुळे सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाला, म्हणजे ही मोहीम संपल्यानंतर. त्यापूर्वी १ जीबी थ्रीजी डेटासाठी साधारण दोनशे-अडीचशे रुपये मोजावे लागत, आणि ब्रॉडबँडच्या तारा न पोहोचलेल्या गावांत यूएसबी डोंगल लावूनच इंटरनेट वापरले जाई. साडेतीन जीबीच्या फाइली न विचारता उतरल्या, तर खर्च ७०० रुपयांच्या पुढे जाई किंवा महिन्याचा पॅक एका रात्रीत संपे. विंडोज ८ मध्ये ‘या जोडणीचे पैसे वापरानुसार पडतात’ असे संगणकाला सांगण्याची सोय होती. विंडोज ७ मध्ये ती नव्हती, आणि डोंगल लावणारे बहुसंख्य लोक ७ वरच होते. त्यात भारनियमनाची भर घातली तर चित्र पूर्ण होते. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर तासभर चालणारे अपग्रेड मध्येच वीज जाऊन थांबणे ही तालुक्याच्या गावी नित्याची शक्यता होती.

मराठी मजकुराचे काम करणाऱ्यांची अडचण आणखी निराळी होती. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेतप्रणाली येण्यापूर्वीच्या फाँटांवर चालणारी मराठी डीटीपी (छपाईची पाने जुळवणारी) सॉफ्टवेअर आपल्याकडच्या छपाई व्यवसायात दीर्घकाळ टिकून राहिली आहेत. त्यांच्या जुन्या आवृत्त्या हार्डवेअर लॉक, म्हणजे परवान्याची खूण म्हणून संगणकाला जोडायचे छोटे उपकरण, लावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि त्या लॉकचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) ज्या विंडोजसाठी लिहिला गेला, तिच्या पलीकडच्या आवृत्तीवर तो चालेलच अशी हमी नसते. लग्नसराईत पत्रिकांची कामे अंगावर असताना अशा दुकानातला संगणक सकाळी नव्या आवृत्तीसह उघडला आणि सॉफ्टवेअरने लॉक ओळखला नाही, तर दुकानदारापुढे दोनच मार्ग उरतात : जुन्या आवृत्तीवर परतणे, किंवा सॉफ्टवेअरची नवी प्रत विकत घेणे. अपग्रेड मोफत होते हे खरे, पण त्याच्यामागून येणारा खर्च मोफत नव्हता. या दुकानदाराने ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ असे धोरण ठेवले तर त्याला मागासलेला म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, असा प्रश्न मला पडतो.

माघार

जून २०१६ च्या अखेरीस, मोफत मुदत संपायला एक महिना उरला असताना, कंपनीने चौकट बदलली. आत्ता करा, वेळ ठरवा आणि मोफत देकार नाकारा, असे तीन स्पष्ट पर्याय दिले गेले, आणि फुली दाबल्यास चौकट नुसती बंद होईल असे सांगण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीचे विपणन प्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी जाहीर मुलाखतीत कबूल केले की फुलीच्या बाबतीत आपण मर्यादा ओलांडली होती. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या ग्राहक केंद्राने न मागता उतरवलेल्या फाइलींबाबत कायदेशीर लढा दिला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने हमी दिली की वापरकर्त्याच्या संमतीशिवाय नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्थापनेच्या फाइली त्याच्या हार्ड डिस्कवर साठवल्या जाणार नाहीत. ग्राहक संघटनेने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून ही हमी मिळाली, आणि तोपर्यंत मोहीम संपून वर्ष उलटले होते.

विश्वासाची किंमत

सुरक्षा दुरुस्ती आणि नवी आवृत्ती या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपल्याकडे असलेल्या वस्तूतले भोक बुजवले जाते. दुसरीत वस्तूच बदलली जाते. मायक्रोसॉफ्टने या दोन्ही एकाच नळातून सोडल्या, आणि नळाला जाहिरातीचा वास येऊ लागल्यावर लोकांनी नळच बंद केला. त्या वर्षी वापरकर्त्यांमध्ये टाळायच्या अपडेट क्रमांकांच्या याद्या फिरत होत्या. त्यात अपग्रेडची जाहिरात करणारे अपडेट होते, वापराची माहिती कंपनीकडे पाठवणारी अपडेट होती, आणि प्रत्येक क्रमांक तपासून घेणे ज्यांना जमत नव्हते त्यांच्यासाठी ‘अपडेट पूर्ण बंद करा’ हा सरसकट सल्लाही होता. स्टीव्ह गिब्सन यांच्यासारख्या सुरक्षा क्षेत्रातल्या जुन्या जाणत्या माणसाला विंडोज १० रोखण्यासाठी ‘नेव्हर १०’ नावाचे छोटे साधन लिहावेसे वाटले, आणि त्यांनी ते मुद्दाम असे लिहिले की इतर सुरक्षा अपडेट चालूच राहावीत. हा फरक जाणकाराला करता आला. घरच्या संगणकासमोर बसलेल्या माणसाला तो करणे अवघड होते.

ऑक्टोबर २०१६ पासून तर तो करण्याची सोयही आक्रसली. विंडोज ७ आणि ८.१ ची मासिक अपडेट एकत्रित गठ्ठ्याच्या रूपात येऊ लागली, त्यामुळे एखादी नको असलेली गोष्ट वगळून उरलेल्या घेणे सामान्य वापरकर्त्याला शक्य राहिले नाही. तांत्रिकदृष्ट्या या निर्णयाला आधार होता, कारण प्रत्येक यंत्रावर दुरुस्त्यांचे वेगळेच मिश्रण असेल तर चाचणी करणे कठीण जाते. पण ज्या वर्षी विश्वास सर्वांत कमी होता, त्याच वर्षी निवड काढून घेतली गेली.

पुढच्याच वर्षी या सगळ्याची कसोटी लागली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी फाइल-वाटपाच्या सेवेतली एक गंभीर त्रुटी बुजवणारी दुरुस्ती दिली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर त्याच त्रुटीतून जगभर पसरले, आणि त्याला बळी पडलेली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ चीच होती. म्हणजे दुरुस्ती जवळपास दोन महिने उपलब्ध होती आणि तरीही ती बसवलेली नव्हती. याला कारणे अनेक होती : बेकायदा प्रती, चाचणी करून मगच दुरुस्ती बसवणारी मोठी कार्यालये, कोणाचेही लक्ष नसलेली जुनी यंत्रे. त्या कारणांच्या रांगेत अपडेट बंद ठेवण्याची शिकवलेली सवयही होती, असे मी मानतो. कोणी शिकवली, हे वर आलेच आहे.

तरीही संशयी वापरकर्त्याचा पक्ष घेताना एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सुरक्षा दुरुस्ती टाळणे हा उपाय नाही, आणि वॉनाक्रायने ते निर्विवादपणे दाखवले. मात्र अपडेटचा मार्ग स्वतःच नेहमी निर्धोक असतो, हा दावाही टिकत नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक सॉफ्टवेअरने न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क या जहाज-वाहतूक समूहाच्या कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प केले. त्या हल्ल्याचा उगम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट यंत्रणेत होता. हल्लेखोरांनी तीच ताब्यात घेतली होती. न्हावा-शेव्याला रांगेत खोळंबलेल्या ट्रकांचा आणि कीव्हमधल्या अपडेटचा संबंध असा होता. म्हणून ‘प्रत्येक अपडेट डोळे झाकून घ्या’ आणि ‘कोणतेही अपडेट घेऊ नका’ हे दोन्ही सल्ले सारखेच अपुरे आहेत.

विंडोज १० वर गेल्यानंतरही शंका मिटण्यासारखे फारसे घडले नाही. तिच्या होम आवृत्तीत अपडेट नाकारण्याची सोयच ठेवलेली नव्हती. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या सहामाही अपडेटने काही लोकांच्या कागदपत्रांच्या आणि छायाचित्रांच्या फाइली पुसून टाकल्या, आणि काही दिवसांतच कंपनीला त्याचे वितरण थांबवावे लागले. बाधितांचे प्रमाण अत्यल्प होते हे खरे आहे. पण पूर्वचाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांनी हा दोष आधीच कळवला होता आणि तक्रारींच्या गर्दीत तो कोणाच्या नजरेस आला नाही, ही बाब मला प्रमाणापेक्षा महत्त्वाची वाटते. दुरुस्त केलेली प्रत १३ नोव्हेंबरला आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे मोफत देकार सुरू झाल्यावर साडेतीन वर्षांनी, कोणती प्रणाली किती वापरली जाते हे मोजणाऱ्या नेटमार्केटशेअरच्या मोजणीत विंडोज १० ने पहिल्यांदा विंडोज ७ ला मागे टाकले. १०० कोटींचा टप्पा मार्च २०२० मध्ये गाठला गेला, तोही विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपल्यानंतर. दबावामुळे घाई झाली, पण ठरवलेल्या मुदतीत उद्दिष्ट काही साधले नाही.

वापरकर्त्यांनी मागितले होते ते अखेर मे २०१९ च्या अपडेटपासून काही अंशी मिळू लागले. नवी सहामाही आवृत्ती ‘उतरवा आणि बसवा’ असे वेगळे बटण दाबल्यावरच येऊ लागली, आणि होम आवृत्तीवरही अपडेट सात-सात दिवसांनी, एकूण ३५ दिवसांपर्यंत, थांबवता येऊ लागली.

सध्याची स्थिती

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०१५ मध्ये कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने तिला विंडोजची शेवटची आवृत्ती म्हटले होते, हे लक्षात ठेवणारे लोक आहेत, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो म्हटल्यावर त्यांच्या जुन्या शंकेला नवे कारण मिळाले. आता प्रश्न मनाविरुद्ध अपग्रेड होण्याचा राहिलेला नाही. उत्तम चालणारे यंत्र अपग्रेडला अपात्र ठरण्याचा आहे.

मात्र या वेळी एक बदल झाला आहे. घरगुती वापरकर्त्यांना पहिल्यांदाच नवी आवृत्ती न घेता फक्त सुरक्षा दुरुस्त्या आणखी एक वर्ष घेण्याचा मार्ग देण्यात आला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करून ३० डॉलर किंवा कंपनीचे बक्षीस-गुण द्यावे लागतात, नाहीतर त्या खात्याशी संगणकाच्या मांडणीची माहिती जोडावी लागते. युरोपीय आर्थिक क्षेत्रात ग्राहक संघटनांच्या दबावामुळे ही अट सैल करून मोफत पर्याय दिला गेला. सुरक्षा दुरुस्ती आणि नवी आवृत्ती वेगळी द्या, ही २०१६ मधल्या त्रस्त वापरकर्त्यांची मागणी होती. ती आज मान्य झाली आहे, पण एका वर्षापुरती आणि भारतातल्या वापरकर्त्यासाठी खाते आणि त्याच्या जोडीला माहिती, गुण किंवा पैसे या अटीवर.